बेट उजव्या हाताला : मुंबईच्या किनाऱ्याची पाच दिवसांची पायी प्रदक्षिणा

तेहेतीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात.' उदाहरण म्हणून मुलांना श्रीलंका सांगायची, अंदमान सांगायची. आपण स्वतः बेटावर बसून हा धडा वाचतो आहोत, हे सांगायचे मात्र बहुतेक वेळा राहून जायचे. माझगावातल्या आमच्या घरापासून समुद्र सरळ रेषेत फार लांब नाही, तरी तो घरातून दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मनात राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्याने आठवडाभर चालून आली. तिथे बेटाभोवती सुमारे दोनशे किलोमीटरची पायवाट आहे, वळणावळणावर खुणेचे खांब आहेत, आणि वाटाड्या न घेता हातातल्या नकाशावर चालायचे, रोज रात्री पुढच्या गावात मुक्काम करायचा, अशी तिथली पद्धत आहे. तिची छायाचित्रे पाहताना माझी धाकटी जाऊ सहज म्हणाली, "ताई, आपण पण बेटावरच राहतो की. आपल्या बेटाला कुणी फेरी मारलीये का?" त्या प्रश्नातून हा प्रवास निघाला.

साष्टीपर्यंतचे, म्हणजे आजच्या उपनगरांसकटचे, मोठे बेट आमच्या पायांना झेपणारे नव्हते, म्हणून आम्ही जुने मुंबई बेट ठरवले. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भर घालून एक झाली, ते बेट. दिशा ठरवायला विचार करावा लागला नाही. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, म्हणून बेट उजवीकडे आणि समुद्र डावीकडे : माझगावहून दक्षिणेला कुलाबा, तिथून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला माहीम, माहीमहून पूर्वेला शीव आणि शिवडीवरून परत घरी. पाचही दिवस घरी झोपायला यायचे नाही, वाहनात बसायचे नाही आणि जिथे जाता येईल तिथे पाण्याच्या शक्य तितक्या जवळून जायचे, एवढे तीन नियम केले.

मुहूर्त जावेने काढला. तिचे माहेर रेवदंड्याचे, त्यामुळे भरती-ओहोटीचा कोकणी हिशोब तिला लहानपणापासून पाठ आहे. तिथीची पाऊणपट करावी, येईल ती साधारण भरतीची वेळ. द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा, आणि तिथून सहा तासांनी पुरती ओहोटी. आम्ही तो छापील तक्त्याशी ताडून पाहिला. फरक फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा निघाला. दादर ते माहीम वाळूवरून चालायचे तर सकाळी ओहोटी हवी, म्हणजे तो दिवस पौर्णिमेचा हवा. तो चौथा दिवस होता, म्हणून निघायचे माघ शुद्ध द्वादशीला. समुद्राकाठी चालणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहावे, हे मी त्या दिवशी तिच्याकडून शिकले.

पहिला दिवस (द्वादशी) : माझगाव ते कुलाबा

सकाळी सातला डॉकयार्ड रोड स्थानकाजवळून निघालो. पाठीवर प्रत्येकी एक पिशवी, त्यात दोन जोड कपडे, पाण्याच्या बाटल्या, शिधा म्हणून दशम्या आणि चटणी. पहिला थांबा भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचे नाव एकोणिसाव्या शतकापासून या धक्क्याला चिकटले आहे. आजही मोरा आणि रेवसच्या लाँच इथूनच सुटतात, आणि २०२०पासून मांडव्याची रो-रो बोटही. जाऊ लग्न होऊन मुंबईत आली ती रेवसच्या लाँचने, याच पायऱ्या चढून. भरती जवळजवळ पुरी झाली होती, त्यामुळे खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि उतारू लाँचमधून सहज पाऊल टाकून वर येत होते. ती काही वेळ तिथेच उभी राहिली. मीही घाई केली नाही.

तिथून दक्षिणेला निघाल्यावर डाव्या हाताला समुद्र असायला हवा होता, पण तिथे भिंत होती. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतचा सुमारे २८ किलोमीटरचा पूर्व किनारा बंदराच्या ताब्यात आहे, हे वाक्य मी वाचले होते; त्याचा अर्थ पी. डिमेलो रस्त्यावर तास-दीड तास चालल्यावर कळला. भिंतीपलीकडे क्रेनची टोके दिसतात, भोंगे ऐकू येतात, खारट वास येतो, पाणी मात्र दिसत नाही. एका फाटकावरच्या रखवालदाराला आम्ही विचारले, की आत जाऊन नुसते पाणी पाहता येईल का. "पास लागतो मावशी," तो म्हणाला, आणि इतक्या सौम्यपणे म्हणाला की आम्हाला वाईट वाटले नाही.

या भिंतीमागेच १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. त्याच्या शेजारच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. त्यात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच पोटात भरलेला होता. माझ्या सासऱ्यांचे बालपण याच भागातले. त्या दुपारी घरातली भांडी फळीवरून खाली आल्याचे ते सांगत. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दल हुतात्मा जवानांना मानवंदना देते, ती या स्फोटाच्या आठवणीने.

बॅलार्ड इस्टेटमध्ये रस्ते एकदम रुंद आणि शांत झाले. ही सारी जमीन अलेक्झांड्रा डॉकच्या, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकच्या, खोदकामातून निघालेल्या मातीच्या भरावावर उभी आहे. आपण चालतो आहोत तो समुद्राचा तळ आहे, असे मी जावेला सांगितले तेव्हा तिने खाली पाहिले. पुढे नौदलाची गोदी, तीही भिंतीमागे. लवजी नसरवानजी वाडिया १७३५च्या सुमारास सुरतेहून इथे आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७चे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे आजही पाण्यावर तरंगते आहे. मलबारच्या सागाचे हे जहाज दोनशे वर्षे टिकले आणि ते जिथे घडले ती जागा रस्त्यावरून दिसतही नाही, याची मला खंत वाटली.

गेटवेला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या आणि १९२४मध्ये खुल्या झालेल्या या कमानीविषयी सर्वांना ठाऊक आहे; मला इथे पाहायची होती ती शेजारची अपोलो बंदराची जागा, जिथल्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८पासून उपलब्ध आहेत. अरबी समुद्राची पातळी कशी बदलली हे जगाला सांगणाऱ्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी या आहेत. ज्या कठड्याशी लोक फोटो काढत होते, त्याच पाण्याचे माप जवळजवळ दीडशे वर्षे घेतले गेले आहे.

ससून डॉकला दीड वाजता पोचलो. १८७५मध्ये अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी बांधलेली ही पश्चिम भारतातली पहिली ओली गोदी. पहाटेचा लिलाव केव्हाच संपला होता. सावलीत ओळीने बसलेल्या बायका कोळंबी सोलत होत्या, आणि त्यांचे हात इतके वेगाने चालत होते की गप्पा मारताना त्या एकदाही खाली पाहत नव्हत्या. रात्री कुलाब्यात माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंकडे मुक्काम केला. वहीत लिहिले : चाललो नऊ किलोमीटर, समुद्र दिसला जेमतेम दीड.

दुसरा दिवस (त्रयोदशी) : कुलाबा ते वाळकेश्वर

बेटाचे दक्षिण टोक आम्हाला गाठता आले नाही. पुढे नौदलाची वसाहत आहे आणि तिथे प्रवेश नाही. टोकाबाहेरच्या खडकावर १८७५पासून प्राँग्ज दीपगृह उभे आहे, ते आम्ही मनातच पाहिले. अफगाण चर्चच्या उंच मनोऱ्याला वळसा घालून आम्ही पश्चिम किनाऱ्याकडे वळलो. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले हे चर्च १८५८चे. त्याचा मनोरा बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडे.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. एक म्हातारी कोळीण जाळे शिवत होती. तिच्याशी बोलायला जाऊ बसली आणि तासभर उठली नाही, कारण दोघींची भाषा जुळली. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाण्याला ओढ असते, त्या ओढीने मासळी डोल नावाच्या पिशवीसारख्या जाळ्यात शिरते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत पाणी मंद असते, जाळी रिकामी येतात, म्हणून महिन्याचे काम चंद्रावर बेतलेले असते, असे तिने सांगितले. शाळेत मी भरती-ओहोटीचा धडा चंद्र-सूर्याच्या आकृतीवर शिकवला. त्यावर कुणाची चूल अवलंबून असते, हे शिकवायचे राहिले. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहशतवादी उतरले तेही याच वस्तीच्या काठाला. म्हातारीने नुसता हाताने किनारा दाखवला आणि पुन्हा सुई चालवली.

मच्छीमार नगर ते नरिमन पॉइंट हे अंतर पाण्यावरून अगदी थोडे आहे, पण काठाने वाट नाही. आम्हाला आत वळून कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाने मंत्रालयाच्या बाजूने फिरून यावे लागले. ज्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे नाव या भरावाच्या जागेला आहे, त्यांनीच विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅकबे भराव योजनेतला गैरकारभार उघडकीस आणला होता.

मरीन ड्राइव्हविषयी थोडक्यात लिहिते, कारण ती प्रत्येक मुंबईकराच्या पायाखालची आहे. साडेतीन किलोमीटरच्या या वळणावर पहिल्यांदा समुद्र सतत डाव्या हाताला राहिला. आर्ट डेको इमारतींची ही रांग २०१८पासून जागतिक वारशात आहे. आम्ही कठड्यावर बसून दशम्या खाल्ल्या, ओहोटीने उघडे पडलेले सिमेंटचे चार पायांचे ठोकळे पाहिले आणि तीनच्या उन्हात गिरगाव चौपाटी गाठली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांवर याच वाळूवर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या पुतळ्याला नमस्कार करून आम्ही तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. सकाळी ज्या काठाला ती रात्र सुरू झाली तो पाहिला होता आणि दुपारी, ज्यांनी गोळ्या झेलत अतिरेक्याची बंदूक सोडली नाही त्यांच्यासमोर उभे होतो. मधले अंतर आमच्या पायांनी मोजले होते, म्हणून ते दोन्ही प्रसंग मला पहिल्यांदाच एका सलग वाटेवर दिसले.

वाळकेश्वरचा चढ चढून बाणगंगेवर उतरलो तेव्हा ऊन कलले होते. शिलाहारांच्या काळात, ११२७मध्ये, लक्ष्मण प्रभू यांनी बांधलेले आणि १७१५मध्ये रामा कामत यांनी पुन्हा उभे केलेले हे तळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा आहे. तहानलेल्या रामासाठी बाण मारून गंगा काढली, अशी कथा. भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर टेकडीवर मुरलेले पावसाचे पाणी खडकातून वाट काढत इथे येते आणि त्याच्या दाबामुळे खारे पाणी बाहेर थोपते. दोन्ही गोष्टी मला सारख्याच प्रिय आहेत. तळ्यामागच्या वस्तीतून खडकाळ किनाऱ्यावर जाता येते. तिथे आम्ही बूट काढून पाय पाण्यात सोडले. दोन दिवसांत समुद्राला पाय लागले ते इथे. मुक्काम जावेच्या मैत्रिणीकडे झाला. तिने रात्री भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली.

तिसरा दिवस (चतुर्दशी) : वाळकेश्वर ते प्रभादेवी

मलबार हिलच्या टोकाला राज्यपालांचे निवासस्थान आहे, म्हणून तेही टोक सोडून आम्ही नेपियन सी रस्त्याने प्रियदर्शिनी पार्कला आलो. इथे सागरी किनारा मार्गाचे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे टेकडीखालून बाहेर येतात आणि त्याला लागून समुद्राच्या बाजूने चालण्यासाठीचा नवा रुंद पट्टा सुरू होतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये तो लोकांसाठी खुला झाला. रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने पलीकडे गेलो आणि वरळीपर्यंत अडथळ्यावाचून चाललो. सारा प्रवास असा झाला असता तर, असे दोघींनाही वाटले. मात्र ही वाट कशावर उभी आहे याचीही जाणीव होती. भरावासाठी, २०२०मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे उचलून दुसरीकडे लावली गेली. जिथे ओहोटीला मुले खेकडे आणि शंख शोधत, ते खडक आता या पट्ट्याखाली आहेत. सावली अजून नाही, झाडे लहान आहेत. स्वच्छतागृह कुठे मिळेल हे विचारून ठेवावे. बायकांना दिवसभर चालायचे तर ही माहिती नकाशाइतकीच लागते.

महालक्ष्मीचे देऊळ आम्ही नेहमी रस्त्याच्या बाजूने पाहिलेले, आज समुद्राच्या बाजूने पाहिले आणि ते खडकाच्या कडेवर किती पुढे उभे आहे हे ध्यानात आले. इथून वरळीपर्यंत पूर्वी खाडीचे तोंड होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरून बेटाच्या मध्यापर्यंत पसरे. पाणी ओलांडून आलेले लोक जिथे पाय धूत ती पायधुणी, असे सांगतात. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, १७८४च्या सुमारास, हे तोंड बांध घालून बंद केले गेले. बांध पुन्हा पुन्हा कोसळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू अभियंत्याला देवीने स्वप्नात सांगितले की मला आधी पाण्यातून बाहेर काढ, आणि मूर्ती सापडल्यावर बांध टिकला, ही आख्यायिका माझ्या आजीने मला सांगितली होती. या बांधाला 'हॉर्नबी व्हेलार्ड' म्हणतात. 'व्हेलार्ड' हा शब्द पोर्तुगीज 'वल्लादो'वरून आला. त्याचा अर्थ बांधच.

साडेदहाच्या भरतीला हाजी अलीच्या वाटेवर लाटा येत होत्या. यात्रेकरू काठावर वाट पाहत उभे होते, आम्हीही थांबलो. एकच्या सुमारास दगडी वाट मोकळी झाली, ओली आणि चकचकीत. बुखाऱ्याहून आलेल्या पीर हाजी अली शाह बुखारी यांचा हा दर्गा १४३१चा. सहाशे वर्षे लोक समुद्राने वाट द्यावी म्हणून इथे थांबत आले आहेत.

वरळी कोळीवाड्यासाठी आम्ही सबंध दुपार ठेवली होती. गल्ल्या इतक्या अरुंद की दोघींना शेजारी शेजारी चालता येत नव्हते. गोल्फादेवीचे दर्शन घेऊन किल्ल्यावर गेलो. १६७५च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला हा लहानसा किल्ला माहीमच्या उपसागरावर नजर ठेवून आहे, आणि आता त्याच्यासमोर वांद्रे-वरळी सागरी सेतू आडवा पसरला आहे. खाली क्लीव्हलँड बंदरावर होड्या लागल्या होत्या. सागरी मार्गाच्या पुलाचे खांब इथे साठ साठ मीटरवर यायचे होते. वारा आणि ओढ असताना त्यातून होडी काढता येणार नाही, आदळेल, असे इथले कोळी सांगत राहिले. काम थांबले, आणि अखेर २०२२च्या डिसेंबरात एका गाळ्याचे, म्हणजे दोन खांबांमधले, अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. धक्क्यावरच्या एका काकांनी तो गाळा आम्हाला बोटाने दाखवला आणि त्यातून त्याच वेळी एक होडी आत येत होती. किनाऱ्याचे खरे माहीतगार कोण, हे त्या वेळी मला कुणी सांगावे लागले नाही.

तिथून काठाने पुढे वाट नाही. अ‍ॅनी बेझंट रस्त्याने, सेंच्युरी बाजारावरून, अंधार पडता पडता प्रभादेवीला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी पोचलो. माझ्या टाचेला फोड आला होता. तिच्या आईने कोमट पाण्यात मीठ घालून दिले.

चौथा दिवस (पौर्णिमा) : प्रभादेवी ते शीव

ज्या दिवसासाठी पंचांग पाहिले होते तो हा दिवस. उजाडायच्या आधी कीर्ती महाविद्यालयाच्या बाजूने वाळूवर उतरलो. समुद्र कितीतरी मागे गेला होता. पाठीमागे, इमारतींच्या मागे, पूर्व उजळत होती आणि समोर माघाचा पूर्ण चंद्र समुद्रावर टेकत आला होता, पिवळट, मोठा, आणि त्याच्याखाली ओल्या वाळूवर लांबच लांब पट्टा. जाऊ काही बोलली नाही, मीही नाही. साठी जवळ आली, जन्म याच शहरात गेला, आणि मुंबईत चंद्र समुद्रात मावळताना मी कधीच पाहिला नव्हता.

वाळू आता पूर्वीइतकी रुंद नाही. माझ्या लहानपणी दादर चौपाटीवर आम्ही लंगडी खेळत असू, तिथे आज मोठे दगड टाकले आहेत, कारण समुद्र काठ खातो आहे. पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडे किनाऱ्यावर उघडतात. दोन ठिकाणी वर रस्त्यावर येऊन पुन्हा खाली उतरावे लागले. तरी सकाळच्या ओहोटीला बराचसा किनारा पायी करता येतो. कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या रेघेशी बसले होते.

चैत्यभूमीवर आम्ही बूट काढून आत गेलो. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर याच किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. सहा डिसेंबरला मी इथे अनेकदा आले आहे, शिवाजी पार्कातून तासन्‌तास सरकणाऱ्या रांगेत उभी राहिले आहे. या सकाळी मात्र आत चौघे-पाच जण होते आणि मागून लाटांचा आवाज येत होता. गिरगावच्या वाळूवर लोकमान्य, दादरच्या वाळूवर बाबासाहेब. दोघांना निरोप द्यायला या शहराजवळ समुद्रकाठाएवढी मोठी जागा दुसरी नव्हती.

माहीमपर्यंत वाळूने गेलो. हे गाव बिंब राजाची राजधानी असल्याचे बखरी सांगतात. सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांचा दर्गा इथे आहे, आणि बुधवारच्या नोव्हेनासाठी सर्व धर्मांचे लोक जिथे येतात ते सेंट मायकेल चर्चही. माहीमच्या किल्ल्यावरची दाट वस्ती अलीकडे हलवली गेली आणि त्याचे बुरूज पुन्हा दिसू लागले आहेत. भरती भिंतीच्या पायथ्याशी पोचली होती.

बाराला, पुऱ्या भरतीच्या वेळी, आम्ही माहीमच्या कॉजवेवर उभे होतो. इथे पूर्वी होड्या चालत आणि त्या उलटून माणसे दगावत. १८४०च्या दशकात लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये देऊन हा रस्ता बांधवला, आणि लोकांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली. आपण ज्याला एल. जे. रोड म्हणतो तो त्यांच्याच नावाचा. कॉजवेखालून मिठीचे पाणी उलटे, पूर्वेकडे वाहत होते. विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघून इथे समुद्राला मिळणारी ही नदी दिवसातून दोनदा अशी मागे ढकलली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्या पाण्याला भरतीने वाट दिली नव्हती. त्या रात्री माझे विद्यार्थी शाळेत अडकले होते, आणि पाणी का उतरत नाही हे मला आकृतीतून ठाऊक असूनही मी त्यांना काही सांगू शकले नव्हते.

माहीमपासून खाडीच्या काठाने पूर्वेला वळलो. कचऱ्याच्या डेपोवर झाडे लावून उभे केलेले ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लागले. तिवरांच्या मुळांत निवट्या उड्या मारत होत्या. पुढे धारावीत, बस आगाराच्या मागे, काळा किल्ला आहे. १७३७मध्ये गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आज्ञेने बांधल्याचा दगड त्यावर दिसतो. चारही बाजूंनी घरे आहेत, पाणी कुठेच नाही. संध्याकाळी शीवच्या किल्ल्यावर चढलो, तोही १६६९ ते १६७७ या काळातला, आणि त्याच्याही पायथ्याशी आता फक्त रस्ते आहेत.

तिथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी मी एवढी वर्षे कुठल्याही नकाशात पाहिली नव्हती. वरळी, माहीम, काळा किल्ला, शीव, शिवडी, माझगाव, हे किल्ले एका रेषेने जोडले की जुन्या बेटाची कड तयार होते. किल्ले पाण्याच्या काठाला बांधले गेले. पाणी बुजले, किल्ले राहिले. 'शीव' म्हणजे हद्द, हे तर नावातच होते. पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, मध्ये खाडी, अलीकडे इंग्रजांचे परळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात खाडीवर रस्ता झाला आणि बेट उत्तरेला जोडले गेले. माझ्या व्याख्येतली चौथी बाजू तिथे हरवली होती. रात्र शीवला माझ्या धाकट्या भावाकडे काढली.

पाचवा दिवस (प्रतिपदा) : शीव ते माझगाव

अँटॉप हिलला वाट चुकलो आणि पाऊण तास गेला. वडाळ्याच्या मिठागरांकडे पाहिले की उरलेले पाणी कुठे आहे ते कळते, पण आत जाता येत नाही. आम्ही रेल्वेच्या बाजूच्या रस्त्याने शिवडीला आलो.

शिवडीच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा दहा वाजत होते आणि भरती चढत होती. वेळ अचूक साधली होती. ओहोटीला चिखल लांबवर उघडा असतो आणि पक्षी दूर असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. शेकडो रोहित पक्षी वाकड्या चोची उलट्या धरून चिखल चाळत पुढे येत होते. अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे त्यांना गुलाबी रंग येतो, म्हणजे हा रंग या खाडीच्या चिखलाचा आहे. वर अटल सेतू सुरू होतो, २१.८ किलोमीटर लांबीचा, १२ जानेवारी २०२४ला खुला झालेला. सेतूचे काम सुरू झाल्यापासून पुष्कळ पक्षी ठाण्याच्या खाडीकडे गेले, असे जेट्टीवरचा चहावाला सांगत होता. जे येतात ते पाहायला पूर्व किनाऱ्यावर ही एकच मोकळी जागा आम्हाला सापडली.

शिवडीच्या किल्ल्यावरही चढलो. १६८०च्या या किल्ल्याजवळ १६८९मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान सैन्य घेऊन उतरला आणि त्याने इंग्रजांना त्यांच्याच कोटात कोंडले. "म्हणजे आमच्याकडचा सिद्दी इथपर्यंत आला होता!" जाऊ म्हणाली, आणि मग तिने समुद्राकडे पाहून रेवदंडा कोणत्या दिशेला येईल याचा अंदाज केला. तो बरोबर होता.

दुपारी कॉटन ग्रीन, रे रोड, दारूखाना. पुन्हा डाव्या हाताला भिंती आणि जहाजे तोडणाऱ्यांच्या वखारी, लोखंडाचे पत्रे, नांगरांच्या साखळ्या. पाच दिवसांत पूर्व किनाऱ्यावर सामान्य माणसाला पाण्याजवळ जाता येईल अशा चार जागा आम्ही मोजल्या : भाऊचा धक्का, गेटवे, ससून डॉक आणि शिवडी. माझगावात राहणाऱ्या मुलाला समुद्र पाहायचा तर पश्चिमेला जावे लागते, आणि समुद्र त्याच्या घराच्या मागे असतो. बंदराची कामे आता कमी होत आहेत. या भिंतींत दोन-चार ठिकाणी जरी पायी चालणाऱ्यांसाठी दार उघडले तरी ते मूल किनाऱ्यावर वाढेल. हे मी माझ्या विभागाच्या नगरसेवकांना लिहून देणार आहे आणि सोबत आमच्या वहीतला नकाशाही जोडणार आहे.

माझगावच्या टेकडीवर, जुना किल्ला होता त्या जागी, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. घरी जाण्याआधी आम्ही तिथे चढलो. संध्याकाळची ओहोटी होती. खाली गोदी, क्रेन, नांगरलेली जहाजे, त्यांच्या पलीकडे पाणी, आणि डावीकडे अंधुक सेतू. वहीत बेरीज केली : सुमारे पंचावन्न किलोमीटर, त्यांपैकी समुद्र डोळ्यांसमोर असलेले अठरा. जावेने बुटातली दादरची वाळू झटकली आणि बोटांवर तिथी मोजली.

"उद्या द्वितीया, ताई. दीडला भरती."